रविवारचं रानसूप

२० सप्टेंबर

मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलीय.

समोर कॉफीचं नवं काचेचं दुकान आलं, तिथे रांग लागते आणि तुमच्या निम्म्या खुर्च्या भर दुपारी मोकळ्या असतात, हे तू चेष्टेत लिहिलंस. मला हसू आलं नाही. आई गेल्यावर तुमच्याच दुकानाच्या वरच्या खोलीत मी वाढले. खालून येणाऱ्या सूपच्या वासावरून मला वार कळायचा. मामीला फोन केला तर ‘सगळं छान, तू जेवलीस का’ याच्यापुढे ती जात नाही. तुझे कान गेल्यापासून खरं बोलायला आपल्याला हे मेलवर लिहिणंच उरलंय.

तू विचारलंस, पुढच्या वर्षी लोक काय खाणार-पिणार ते तुझ्या ऑफिसला आधी कळतं म्हणतात, मग मामाला सांगायला काय हरकत आहे? काही नाही. अहवाल पुढच्या महिन्यात निघेल. मोठे हॉटेलवाले तो विकत घेतात, तू फुकट घे.

दारू कमी होणार. तरुण मंडळींना आता चढणारं नको, शांत करणारं हवंय. मुळ्यापाल्यांचे थंडगार काढे, वर बुडबुडे. कडू चवीला भाव येणार. आंबवलेल्या पेयांचं वेड अजून वाढेल. समुद्रातलं शेवाळ तर वडीपासून आइस्क्रीमपर्यंत सगळ्यांत घुसतंय. मी काल लाल दिव्याच्या खोलीत (रंग दिसू नये म्हणून लाल दिवा) त्याचे चौदा नमुने चाखले, अजून जिभेवर बंदर आहे. भूक मारायची इंजेक्शनं घेणारे वाढलेत, म्हणून ताटं लहान होणार. आणि आमच्या साहेबीणबाईंचं सगळ्यांत लाडकं म्हणजे रानातलं. कुणी पेरलेलं नाही, लावलेलं नाही. आपण जाऊन वेचून आणलेलं. पानं, बोरं, अळंब्या. त्या म्हणतात, माणसाला आता पदार्थाबरोबर त्याची गोष्टही खायची असते.

यातलं काय तुझ्या पातेल्यात बसतं बघ.

तुझी,
चाखणबाई


२४ सप्टेंबर

चि. चाखणबाई,

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त या वेळी गरम करून पाठवतोय.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. किती मोठ्याने ते मला कळत नाही, पण शेजारचा कुलूपवाला हातातलं काम टाकून आला आणि काहीतरी बोलून सगळ्यांना हसवून गेला. तुझ्या मामीने मला ते पाटीवर लिहून दाखवलं: ‘कडू प्यायला पैसे कशाला? माझं लग्न झालंय.’

आंबवण्याचं नाव काढू नकोस. मागे एक बाटली फुटली होती, छतावरचा डाग अजून गिऱ्हाइकं मोजतात. शेवाळासाठी समुद्र लागतो. लहान ताटाचं म्हणशील तर आमची ताटं आधीच लहान आहेत, गिऱ्हाईक मोठं यायला हवं.

पण रानातलं वाचलं आणि तुझी मामी खुलली ना! तिचं माहेर रानाला लागून. लहानपणी पांढऱ्या अळंब्यांच्या टोपल्या भरून आणायची म्हणे. ‘इथे टेकडीमागच्या झाडीतही तश्शाच उगवतात,’ म्हणाली. ‘दरवर्षी बघते. लोक हसतील म्हणून बोलले नाही.’ लग्नाला एवढी वर्षं झाली आणि ही बाई अळंबी ओळखते हे मला आज कळलं. कुलूपवाला म्हणतो ते खरं असेल, पण अशा वेळी नाही.

पाऊस थांबला की जाणार आहोत. पाटी मी आजच रंगवली. ‘आजचं रानसूप.’ ‘रान’ जरा जास्त हिरवं झालंय.

मामा


९ ऑक्टोबर

मामा,

धावपळीत चार ओळी. अहवाल निघाला. मुखपृष्ठावर रानातली टोपली आहे! साहेबीणबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. तीन देशांतल्या हॉटेलवाल्यांनी पहिल्याच दिवशी मागवला.

मामी टोपली घेऊन रानात गेली की फोटो पाठव. ऑफिसात माझ्या टेबलासमोर लावणार आहे. सगळ्यांना सांगितलंय की आमच्या मामीला हे अहवालाच्या आधीपासून ठाऊक होतं.

तुझी चाखणबाई


१५ ऑक्टोबर, सकाळ

चि. चाखणबाई,

कळवायला आनंद होतो की तुझा मामा पुढच्या वर्षात जाऊन पोचलाय.

रविवारी संध्याकाळी पाटी लावली. कांदा, लोणी, मिरी आणि मामीच्या अळंब्या, बस. पातेलं रिकामं झालं. आठ वाट्या विकल्या, म्हणजे एक बाई डब्यात घेऊन गेली ती धरून. चित्रकलेचे मास्तर आपले नेहमीचे. ते एक वाटी प्यायले, मग म्हणाले, ‘दुसरी तुमच्या बायकोच्या सन्मानार्थ.’ काचेच्या दुकानाचा मालक दारात उभा राहून बघत होता. मी त्याला हात केला. त्यानेही केला.

फोटो सोबत आहे. टोपलीतल्या सगळ्यांत देखण्या अळंबीला तुझ्या मामीने बोटांत धरलंय, बघ. बाळाला धरावं तसं.

एवढंच, की सोमवारी सकाळपासून ती आजारी पडली. उलट्या, जुलाब, उभं राहवेना. माझी तर पाचावर धारण बसली होती. पण तू घाबरू नकोस, कालपासून उतार आहे. आज तर टुणटुणीत. आत्ता हे लिहितोय तर ती समोर फळ्या पुसतेय आणि मला म्हणतेय, ‘सांग तिला, थंडी बाधली होती.’ दोन दिवस फोन बंद ठेवला होता, तो लावायचा राहिलाय, म्हणून तू केला असलास तर लागला नसेल.

येत्या रविवारी परत रानसूप.

मामा


१५ ऑक्टोबर

मामा, हे वाचताक्षणी उठ. मामीला दवाखान्यात ने. आत्ता. फळ्या राहू देत.

तिला बरं वाटतंय याच्यावर जाऊ नकोस. मामा, हे नीट वाच. ती अळंबी विषारी असेल तर असंच होतं. आधी उलट्या-जुलाब, मग माणूस एकदम बरा होतो, हिंडतो-फिरतो, आणि त्या वेळात आत यकृत नासत असतं. बरं वाटणं हाच आजार आहे.

फोटो मोठा करून पाहिला. टोपीखालचे पापुद्रे पांढरेशुभ्र, देठावर घागऱ्यासारखी झालर, आणि तिने मुळासकट उपटलेली आहे म्हणून दिसतंय, पायाशी फाटकी पिशवी. मी या विषयाच्या अभ्यासकाकडे जाऊन आलेय. त्यांनी हेच चित्र काढून दाखवलं होतं. म्हणाले, एका मुलखात जी खातात तिच्यासारखी दिसणारी दुसऱ्या मुलखात मारते. शिजवून विष जात नाही. आणि चव छान असते. वाचलेली माणसंच तसं सांगतात.

हे सगळं मी अहवालात एका पानावर लिहिलं होतं. साहेबीणबाईंनी ते पान काढलं. ‘लोकांना भूक लागायला हवी, धडकी भरायला नको.’ मी ‘बरं’ म्हटलं.

मामीचा फोन बंद आहे. तू हे पत्र कधी उघडशील माहीत नाही. दुकानाच्या फोनची घंटा तुला ऐकू येत नाही. मी कुलूपवाल्याचा नंबर शोधतेय. अक्षरं चुकली तरी समजून घे. उरलेली एकही अळंबी फेकू नकोस, डॉक्टरांना दाखवायला ने.

जा ना मामा.


१६ ऑक्टोबर

चाखणबाई,

तुझ्या मामीच्या फोनवर एका बोटाने लिहितोय. आम्ही मोठ्या हॉस्पिटलात आहोत.

काल कुलूपवाला एका हातात किल्ली आणि दुसऱ्यात फोन घेऊन पळत आला आणि माझ्या तोंडासमोर ओरडायला लागला. मला ओठ वाचता येईनात. मी त्याच्या हातातली किल्लीच बघत बसलो. मग त्याने मामीची पाटी उचलली आणि लिहिलं, ‘विष.’

तुझी मामी यायला तयार होईना. ‘मला काय धाड भरलीय? कालच्यापेक्षा बरी आहे मी.’ मी तिला तुझं पत्र दाखवलं. ‘बरं वाटणं हाच आजार’ इथपर्यंत वाचलं आणि तिने हातातलं फडकं घडी करून फळीवर ठेवलं.  चपला घालताना तिला डावा-उजवा कळेना.

गावातल्या दवाखान्यात रक्त घेतलं आणि आकडे येताच अँब्युलन्स बोलावली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर लिहून सांगितलं, यकृत धोक्यात आहे, औषध सुरू केलंय, पुढचे दोन-तीन दिवस बघू. मी विचारलं, बघू म्हणजे? त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग परत उचललं आणि विचारलं, ‘आणखी कुणी खाल्लं?’

अगं, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मामी सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. आठ वाट्या! मास्तरांच्या दोन धरल्या तर सात माणसं. त्यातली चार ओळखीची. तीन कोण, देव जाणे.

तुझ्या मामीने हात हलवून सांगितलं, जा. मी तिला तिथे सोडून परत गावात गेलो. मास्तर घरात निजले होते. त्यांच्या बायको दारात म्हणाल्या, ‘काल फार त्रास झाला, पण आता शांत झोप लागलीय, उठवू नका.’ मी त्यांना बाजूला सारून आत गेलो. आयुष्यात कुणा बाईला असा धक्का दिला नव्हता. मास्तरांचे डोळे पिवळे होते.

त्यांना इकडे धाडलं. कचेरीतला शिपाई, शिवणकामवाल्या दोघी बहिणी, तिघेही आता इथे आहेत. उरलेल्या तिघांसाठी मी आमच्या शटरवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: रविवारी जे आमच्याकडे सूप प्यायले त्यांनी लगेच हॉस्पिटलात जावं, अळंबी विषारी होती, बरं वाटत असलं तरी जावं. लिहिताना लोक मागे गोळा झाले. कोण काय म्हणत होतं ते ऐकू आलं नाही, तेवढा एक उपकार. काचेच्या दुकानाचा मालक आला. वाटलं, हा आता हसणार. त्याने फोटो घेतला आणि आत जाऊन त्याच्या मोठ्या पडद्यावर, कॉफीचे भाव पुसून, तोच मजकूर लावला.

तुझी मामी विचारते, तू जेवलीस का.

मामा


१६ ऑक्टोबर

मामा,

विमानतळावर बसलेय. विमान उद्याचं मिळालं, मध्ये एकदा बदलायचंय. आजूबाजूला सगळे खातायत. समोरच्या दुकानात पाटी आहे, ‘रानातून थेट तुमच्या वाटीत.’ शब्द आमच्याच अहवालातले आहेत. मी आत जाऊन विचारलं, अळंब्या कुठून आणता? मुलगी म्हणाली, ‘वरून येतात.’ मी तिथेच उभी राहिले तर तिला वाटलं मला चक्कर येतेय, तिने पाणी दिलं. मला ते पाणीसुद्धा प्यायला भीती वाटली.

तिघांचा पत्ता लागला का?

आणि एक विचारते. रविवारचं पातेलं रिकामं झालं म्हणालास. आठ वाट्या विकल्या, मामीने घेतलं. तू सूप न चाखता गिऱ्हाइकापुढे ठेवणारा माणूस नाहीस. पळापळ करतोयस, गावात जातोयस, शटरवर लिहितोयस. मामा, तू किती खाल्लंस?


१७ ऑक्टोबर

चाखणबाई,

अर्धी वाटी. पातेलं खरवडून. ब्रेडने पुसून.

सोमवारी मलाही झालं होतं, तुझ्या मामीपेक्षा कमी. दोघं आजारी म्हटल्यावर तू घाबरशील म्हणून लिहिलं नाही. नंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही ‘चमचाभर’ म्हटलं, कारण त्यांनी मला गादीवर घातलं असतं आणि मग त्या माणसांना कोण शोधणार? त्यांचे चेहरे फक्त मी पाहिलेत. सगळं सांगितलं ते काल संध्याकाळी. त्या इतक्या रागावल्या की मला ऐकू आलं असं वाटलं.

आता तुझ्या मामीच्या शेजारची खाट माझी. दोघांनाही नळ्या लावल्यात. तिला ग्लानी येते. मधूनच जागी होते आणि माझ्याकडे बघते. काल हातानेच विचारलं, ‘मी केलं का हे?’ मी मान हलवली, नाही. तिने डोळे मिटले. तिचा विश्वास बसला नाही.

एक जोडपं पडदा बघून आपण होऊन आलं. उरली डब्यात सूप नेलेली बाई. निळा कोट एवढंच मला आठवत होतं. घरी कुणासाठी नेलं असेल? लेकरासाठी? रात्रभर मला एक लहानसं तोंड आणि चमचा दिसत होता. आज दुपारी ती आली. कुलूपवाला तिला हाताला धरून घेऊन आला. डबा तिच्या हातात, झाकण लावलेलं. फ्रिजमध्ये ठेवून विसरली होती. मला हसू आलं की रडू ते सांगता येत नाही. नर्सने येऊन माझी नळी तपासली.

मास्तरांना आत हलवलंय. काचेपलीकडे. त्यांच्या बायको बाकावर बसून असतात. माझ्या खाटेवरून त्यांची पाठ दिसते. त्यांनी एकदाही वळून पाहिलेलं नाही, आणि त्या वळतील याचीच मला भीती वाटते.

ये लवकर. सामान आणू नकोस, पळत ये.

मामा


२२ नोव्हेंबर

मामा,

पोचून दहा दिवस झाले. त्या दिवशी घरात शिरून दार लावल्यावर पहिल्यांदा नीट रडले.

तिथे असताना बोलायला सवडच नव्हती. मामीचे आकडे खाली यायला लागले त्या सकाळी डॉक्टरीणबाई मला जिन्यात भेटल्या आणि ‘आता वळण घेतलंय’ एवढंच म्हणाल्या, तर मी त्यांचा हात सोडेना. आणि त्याच दुपारी मास्तर गेले. एकाच दिवशी एका मजल्यावर. मला त्या दिवशी आनंद झाला होता, याची अजून लाज वाटते.

ऑफिसात गेले. साहेबीणबाईंना म्हटलं, ते पान परत घाला, सगळ्यांना कळवा. त्या म्हणाल्या, ‘अहवाल गेलाय. आता कळवणं म्हणजे आपली चूक कबूल करणं.’ मग मीच बसून सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक करून लिहिलं. मास्तरांचं, मामीचं, तुझं. माझी नोकरी गेली. ते ठीक आहे. पण तीन ठिकाणांहून उत्तर आलं की पाटी लावून झालीय, आमचा माणूस अनुभवी आहे. बाकीच्यांचं उत्तरच नाही. त्यांच्या वाट्या आत्ता भरल्या जात असतील. 

मामी जेवते का? ती मी असताना फक्त पाव आणि उकडलेला बटाटा खायची, तोही स्वतः सोललेला. शेगडी पेटवली की ती मागच्या दारात जाऊन बसायची. आणि तू मास्तरांकडे गेलास का? चौकशीला आलेल्या पोलिसांनी तुला काही केलं नाही, मास्तरांच्या बाईंनी तक्रार दिली नाही. म्हणून विचारते.

चाखणबाई


१ डिसेंबर

चि. चाखणबाई,

तुझी मामी काल वरण उकळायला ठेवून शेगडीसमोर उभी होती. मग बंद केलं आणि सगळं ओतून दिलं. डाळ वाण्याकडून विकत आणलेलीच होती.  भीती एवढी घरात घुसलीय की त्या भीतीसाठी वेगळं पान मांडायचं तेवढं बाकी आहे.

गेलो मास्तरांकडे. रोज त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात होतो आणि मागे फिरत होतो. आज कुलूपवाला म्हणाला (पाटीवर), ‘मी येऊ?’ तेव्हा लाज वाटली आणि एकटाच गेलो.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. काही बोलल्या. मला कळलं नाही. मी कानाकडे बोट केलं. त्यांनी मान डोलावली, आत बोलावलं. मास्तरांची सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवलीयत, उलटी. मी खुर्चीच्या कडेवर बसलो. काय बोलायचं ते मी घोकून गेलो होतो, ते सोडून चित्रांच्या पाठी मोजत बसलो.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात ताट होतं. भाजी होती, भात होता. काय भाजी ते कळेना, बारीक चिरलेली, पांढरट. त्यांनी ताट माझ्यासमोर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

खरं सांगतो, मी घाबरलो. ही बाई मला काय देतेय? आणि का? तिच्या जागी मी असतो तर काय वाढलं असतं? मी ताटाकडे बघत होतो, त्या माझ्याकडे. मी विचारलंसुद्धा, ‘हे काय आहे?’ माझा आवाज केवढा निघाला कोण जाणे.

त्या पुढे वाकल्या. एकेक शब्द सुटा करून, ओठ दिसतील असं म्हणाल्या,

‘त्यांनी विचारलं नव्हतं.’

मी घास घेतला. मग दुसरा घेतला. त्या हलल्या नाहीत. माझ्या डोळ्यांतलं पाणी भातावर पडत होतं, मी तसाच खात होतो. चव कसली होती ते आठवत नाही. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी ते उचललं आणि विचारलं,

‘आणखी वाढू?’

मी हो म्हणालो.

मामा